जावेची बाग निळी, माझी लाल

माझी बाग लाल निघाली. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधून तिच्यावर गावातल्या सगळ्या डाळिंबांच्या बागांचा नकाशा पाडला होता, आणि त्यात सगळ्यांत लाल चौकोन माझा होता. त्याला लागून, मधे फक्त बांध, माझ्या धाकट्या जावेची बाग. ती निळी. निळी म्हणजे गार, मुळांना पाणी पोचलेलं. लाल म्हणजे तापलेली, तहानलेली. आमच्या शेतकरी गटाचा एक मुलगा माइक धरून हे समजावून सांगत होता. आकाशातून उपग्रह प्रत्येक शेताची उष्णता मोजतो, कोण कुणाचं नातेवाईक आहे ते त्याला कळत नाही, असंही तो म्हणाला. मग माझ्या चौकोनावर काठी टेकवून म्हणाला, "इथं मालकाचं लक्ष कमी पडतंय."

जाऊ माझ्या पुढच्या सतरंजीवर बसली होती. तिनं मान वळवली.

"अक्का, तुमचं तर पेटलंय की."

बायका हसल्या. तीही हसली. मी चादरीकडं बघत राहिले.

एवढ्यावर भागलं असतं. पण माझा मुलगा त्या दिवशी सुट्टी काढून आला होता. तो दौंडला रेल्वेत आहे, तिथंच रेल्वेच्या कॉलनीत राहतो. भिंतीला टेकून उभा होता, तिथूनच सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, आता बास. यंदाचा माल निघाला की बाग काकीकडं वाट्यानं देऊन टाकू. तू चल दौंडला."

जाऊ लगेच म्हणाली, "आमचं काय न्हाई बाबा. तुझी आई देत आसंल तर करू आमी. माझा पोरगा हाय की हितं."

माझा पोरगा हाय हितं. ती नेहमी तसंच बोलते. लागेल असं बोलते आणि वर तोंड साळसूद ठेवते.

आम्हा दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघंही आता नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मी थोरली, घरातला शब्द माझा. ती आली आणि सासूनं तिचं कालवण चाखून माझ्याकडं बघितलं, तेव्हापासून माझं तिच्याशी जमलं नाही. ती माझ्याहून गोरी, माझ्याहून गोड बोलणारी. तिचं धुणंसुद्धा माझ्याआधी वाळतं असं मला वाटायचं. पण हे सगळं मी गिळलं असतं. तिचा मुलगा गावात राहिला आणि माझा गेला, हे मला गिळता आलं नाही. गावातले लोक म्हणतात, रेल्वेतली नोकरी, आज्जी, नशीब काढलं पोरानं. म्हणू देत. संध्याकाळी तिच्या दारात मोटरसायकल थांबल्याचा आवाज येतो, तो मला माझ्या चुलीपाशी ऐकू येतो.

तर बागेचं. गावानं डाळिंब धरायचं ठरवलं तेव्हा दोघींची रोपं एकाच टेम्पोतून आली. ठिबकच्या नळ्या एकाच दुकानातल्या. जमीन एकच, वाटणीच्या आधी ती एकाच शेतात होती. जावेनं आधी लावली, दक्षिण-उत्तर ओळी. मी पूर्व-पश्चिम लावल्या. का, तर तिच्या दक्षिण-उत्तर होत्या. हे गावाला माहीत आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. रोपवाटिकेवाला म्हणाला होता, सपाट रानात काहीही चालतं.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून मी पाणी वाढवलं. आम्ही दोघींनी आंबे बहार धरला होता, म्हणजे ऐन उन्हाळ्यात झाडावर फळ. सकाळी ठिबक सोडायचं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत चालू ठेवायचं. विहीर खाली गेली तरी सोडायचं. गट दर आठवड्याला नकाशा मोबाइलवर पाठवायचा. मला वाचता येतं, पण बारीक अक्षर दिसत नाही. रंग मात्र दिसतो. मी आधी जावेचा चौकोन बघायची, मग माझा. तिचा निळा. माझा लाल.

एका आठवड्यात माझा पिवळा झाला, म्हणजे ना तापलेला ना गार. मी खूश झाले. मग शेजारी बघितलं तर तिचाही पिवळा होता. ती खाली आली होती आणि मी वर गेले होते. त्या दिवशी मी मुद्दाम बांधावर जाऊन उभी राहिले.

"काय गं, पाणी कमी पडतंय का तुला?"

"न्हाई ओ. तेवढंच सोडतीय. का?"

"काय न्हाई. नकाशा बघ जरा."

तिचं तोंड उतरलं. पुढच्या आठवड्यात ती परत निळी आणि मी परत लाल. गटाच्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "आज्जी, पाणी अजून वाढवा." मी अजून वाढवलं. फळं उकलायला लागली. खालच्या कोपऱ्यात, जिथं पाणी जाऊन साठतं, तिथल्या झाडांचे शेंडे पिवळे पडले. तरी मी नळ बंद केला नाही. बाग निळी झाल्याशिवाय मुलगा ऐकणार नव्हता. आणि बाग गेली तर मी दौंडच्या दोन खोल्यांत बसून काय करणार होते? भिंतीकडं बघणार, आणि इकडं माझ्या झाडांखाली जावेच्या मुलाच्या बायकोनं सावलीत भाकरी खायची.

एक मुलगी गावात आली ती याच दिवसांत. पुण्याला पीएचडी करत होती. शेताची उष्णता आकाशातून मोजतात, त्यातल्या चुका कशा काढायच्या, हा तिचा अभ्यास. तिला एकाला एक लागून असलेल्या दोन बागा हव्या होत्या, झाडं सारखी, वय सारखं, फक्त ओळींची दिशा वेगळी. कासुर्डीला बघितलं, वरवंडला बघितलं, भीमा ओलांडून शिरूरकडंही फिरली. कुठं मिळेना. एवढं बांधाला बांध लावून उलट्या दिशेनं कोण लावतं? आमच्याकडं तिला मिळालं.

मुलगी शिरूरची. जुन्या मिशनपाशी घर, ख्रिस्ती कुटुंब. मी चौथीपर्यंत शिरूरच्याच शाळेत गेले, ती शाळा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे मुलगी माझ्या माहेरची. आणि राहायला गेली जावेकडं. जावेच्या घरात वरची खोली रिकामी होती, पंखा होता, म्हणून. मला आज्जी म्हणायची आणि तिला मावशी. आमच्या दोघींच्या वयात फार अंतर नाही.

तिला बांधावर उंच खांब रोवायचा होता. खांबाच्या डोक्याला उष्णता बघणारा कॅमेरा, तो फिरवून दोन्ही बागांकडं वाकवायचा. मी म्हणाले, खांब माझ्या बाजूला रोव. तोपर्यंत जावेच्या मुलानं त्यांच्या बाजूला खड्डा काढलासुद्धा. गावातले लोक खांब बघायला यायचे ते तिच्या दारावरून. ती त्यांना सांगायची, "आमच्या रानात संशोधन चाललंय."

एका सकाळी मुलगी माझ्या बागेत शिरली. मी ठिबक सोडून बसले होते. तिनं झाडाखालची माती मुठीत घेऊन दाबली. मातीचा लाडू झाला.

"आज्जी, इथं चिखल झालाय. अजून पाणी कशाला?"

"लाल हाय म्हणून."

"काय लाल आहे?"

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं नकाशा बघितला, माझ्या ओळींकडं बघितलं, बांधापलीकडं बघितलं. मग म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

मला तिनं पश्चिमेकडच्या टोकाला, ओळी जिथं संपतात तिथं उभं केलं. "इथून बागेकडं बघा. काय दिसतं?"

"काय दिसायचंय. माती."

खरंच मातीच दिसत होती. दोन ओळींमधला पट्टा पार पलीकडच्या बांधापर्यंत उघडा. ठिबकचं पाणी झाडाच्या बुडाशी पडतं, मधल्या पट्ट्याला पावसाळ्यानंतर पाण्याचा थेंब नव्हता. सकाळचं ऊन समोरून थेट त्या पट्ट्यात शिरलेलं. अनवाणी पाय ठेवला तर भाजेल अशी माती.

मग ती मला जावेच्या बागेच्या पश्चिमेला घेऊन गेली. तोंड तसंच पूर्वेकडं. "आता काय दिसतं?"

तिथं ओळी आडव्या होत्या. पहिली ओळ, तिच्या डोक्यावरून दुसरी, तिच्या मागं तिसरी. "पानं," मी म्हणाले.

"माती कुठं गेली?"

"हाय की. झाडांच्या मागं."

"उपग्रहालाही ती तशीच दिसत नाही. त्याची वाट साधारण दक्षिण-उत्तर. कधी तो डोक्यावरून जातो, पण बहुतेक वेळा बाजूनं जातो, पूर्वेकडून नाहीतर पश्चिमेकडून. बाजूनं गेला की तुमच्या ओळींतून त्याला तापलेली माती दिसते आणि मावशींच्या बागेत नुसती पानं. पान गार असतं."

"आन् डोक्यावर आला की?"

"मग दोघींची पानं तेवढीच आणि माती तेवढीच."

तो पिवळा आठवडा मला आठवला. मी तिला सांगितलं. तिनं लॅपटॉपवर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "हो. त्या दिवशी तो जवळजवळ डोक्यावरच होता."

मी म्हणाले, "मग त्याला सांग सरळ बघ म्हणून."

ती हसली. "तो रोज डोक्यावर येत नाही, आज्जी. फक्त तेच दिवस धरले तर बाग सुकून गेल्यावर नकाशा मिळेल. म्हणून तिरकं बघितलेलं सरळ कसं करायचं, तेच मी शिकतेय. पण तुम्ही आधी नळ बंद करा. झाडं बुडवाल."

मी नळ बंद केला. खालच्या कोपऱ्यातल्या झाडांना त्याचा उपयोग झाला नाही, त्यांची मुळं कुजून गेली होती.

पुढं उन्हाळाभर तिचं काम चाललं. मला वाटलं होतं, माझ्या बागेतून थोडी उष्णता वजा करायची की झालं. तसं नव्हतं. उन्हातलं पान वेगळं, सावलीतलं पान वेगळं, उन्हातली माती वेगळी, सावलीतली वेगळी. हातातल्या यंत्रानं ती प्रत्येकाची उष्णता घ्यायची. मग ड्रोन वर सोडून त्याचा कॅमेरा थोडा थोडा तिरका करत जायची, कुठल्या बाजूनं यातलं काय किती दिसतं ते बघायला. सूर्य पाठीशी ठेवून बघितलं तर सगळं उन्हातलं दिसतं आणि बाग जास्त तापलेली वाटते. सूर्याकडं तोंड करून बघितलं तर सावल्याच सावल्या, बाग गार वाटते. दुपारी ऊन डोक्यावर आलं की हिशोब पुन्हा बदलतो. कधी वजा करायचं, कधी मिळवायचं, ते सूर्य कुठं आणि उपग्रह कुठं यावर. हे मला तिनं बांधावर बसून सांगितलं, आणि मला कळलं. जावेला तिनं घरी जेवताना सांगितलं असणार. तिला किती कळलं मला माहीत नाही.

ऊन चढलं की जाऊ तिच्यासाठी ताक घेऊन यायची. मग मीही न्यायला लागले. जावेनं ताकात आलं घातलं. मी सरबत केलं. मुलगी दोन्ही प्यायची.

"अक्का, तिला सर्दी व्हईल तुमच्या सरबतानं," जाऊ म्हणाली.

"तुझ्या आल्यानं जाईल की मग."

मुलगी म्हणाली, "मावशी, आज्जी, मला रोज दोन पेले प्यायला लावून तुम्ही माझं ड्रोन पाडणार आहात."

यंत्र घेऊन ती जावेच्या झाडांच्या पानांवर धरायची, मग माझ्या. मी मागं मागं असायची. आकडा विचारायची. पानं दोन्हीकडं सारखीच गार लागत होती. मधली मातीही दोन्हीकडं सारखीच तापलेली. मला ते आवडलं नाही. माझी बाग तापलेली नाही एवढ्यावर माझं समाधान होत नव्हतं. मला तिची तापलेली निघायला हवी होती. सगळा उन्हाळा मी त्याची वाट बघत होते. चादरीवर तिचा चौकोन लाल व्हावा, तिच्या मुलानं मान खाली घालावी, आणि बायकांनी हसावं.

आकडेमोड संपली तेव्हा मुलीनं आम्हाला बोलावलं, जावेच्या ओट्यावर. मी म्हणाले माझ्या ओट्यावर या, पण लॅपटॉपची वायर तिच्या घरात लावलेली होती. मी मुलाला दौंडहून बोलावून घेतलं. तो आला, जावेचा मुलगा आला, गटाचा तो माइकवाला मुलगाही आला. लॅपटॉपवर मुलीनं आधी जुने नकाशे दाखवले. लाल, निळी. लाल, निळी. मग तेच दिवस, तिरकेपणा काढून टाकलेले.

दोन्ही चौकोन पिवळे होते. सगळ्या दिवसांत. फक्त माझा खालचा कोपरा वेगळा दिसत होता. तिथली झाडं मरत होती, ते खरंच तापलेलं होतं.

माझ्या मुलानं लॅपटॉप जवळ ओढून घेतला. पुन्हा पुन्हा जुना नकाशा आणि नवा नकाशा बघत राहिला. मग त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे कशानं झालं?"

"पाणी जास्त झालं," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं होतं एवढं पाणी द्यायला?"

"तू म्हणालास बाग देऊन टाकू. ती निळी व्हावी म्हणून दिलं."

गटाचा मुलगा चप्पल शोधायला लागला. जावेचा मुलगा म्हणाला, "थोरली आई, मला सांगायचं व्हतं की. नळ तर मी बंद केला असता." तो पोरगा वाईट नाही. तो वाईट असता तर बरं झालं असतं.

जाऊ मात्र लॅपटॉपकडं बघत बसली होती. "म्हंजी माझं निळं खोटंच व्हतं?"

"खोटं नाही, मावशी. बाजूनं बघितलेलं होतं."

"एवढं पानी मोजूनमापून दिलं ते मी."

"तुमची बाग चांगलीच आहे."

"चांगली हाय, पन ह्यांच्यासारखीच हाय," जाऊ म्हणाली, आणि उठून आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. उन्हाळाभरात मला पहिल्यांदा बरं वाटलं.

तेवढ्यात मी मुलीला हळूच विचारलं, "सारखीच म्हणतीस, पन अगदी सारखी कशी आसंल? थोडी तरी कमी-जास्त आसंल की."

"अर्ध्या अंशाचा फरक आहे, आज्जी. तेवढा माझ्या मोजण्यातलाच असू शकतो."

"जास्त कुणाची?"

आतली भांडी थांबली. जाऊ दारात येऊन उभी होती, हात ओले, पदर खोचलेला. तीही ऐकत होती.

मुलीनं आम्हा दोघींकडं बघितलं आणि लॅपटॉप मिटला. "ते मी सांगणार नाही."

"सांग की गं," जाऊ म्हणाली. "मी तुला इतके दिवस जेवू घातलंय."

"म्हणूनच नाही सांगणार, मावशी."

तिनं अजून सांगितलेलं नाही. त्यानंतर ती शिरूरच्या बाजूला दुसऱ्या एका बागेत गेली, तिथं दुसरं कुठलं तरी पीक आहे. निघताना आधी जावेच्या पाया पडली, मग माझ्या. तिचं सामान जावेच्या घरात होतं, म्हणून क्रम तसा लागला, असं मी मनाला सांगते. फोन करते अधूनमधून. मी विचारते. ती विषय बदलते. जाऊही विचारते हे मला माहीत आहे, कारण मुलगीच म्हणाली, "आज्जी, तुम्ही दोघी ठरवून फोन करता का?"

मुलगा त्या संध्याकाळी दौंडला परत गेला. जाताना म्हणाला, "बाग असू दे तुझ्याकडंच." यंदापुरती की कायमची, ते बोलला नाही, मीही विचारलं नाही. गटाकडून आता नकाशा येतो तेव्हा त्याच्या खाली उपग्रह कुठल्या बाजूनं गेला ते लिहिलेलं असतं. ते अक्षर बारीक आहे. मी जावेच्या मुलाकडून वाचून घेते. तो मोटरसायकल माझ्या दारात उभी करतो, वाचून दाखवतो आणि पुढं त्याच्या घरी जातो.

माझा माल त्या साली उकललेला निघाला, तिचा चांगला निघाला. खालच्या कोपऱ्यातली झाडं गेली. बाकीची बाग जगली. तो उन्हाळा मी काढला, आणि माझ्या जावेनंही काढला.